पहिला डबा आईचा

ज्या वर्षी आमचे वडील गेले आणि त्यांच्यामागून तीन महिन्यांनी माझी थोरली मुलगी जन्मली, त्या वर्षीच्या थंडीतली ही गोष्ट.

वडिलांमागे आम्ही दोघे भाऊ रॉकेल विकायचो. दोन हातगाड्या, प्रत्येकीवर एक ड्रम, ड्रमला अगदी तळाशी तोटी. वरची गल्ली माझी, खालची धाकट्याची. पण माझ्या गल्लीतल्या बायका डबा घेऊन माझ्या गाडीवरून सरळ पुढे जायच्या, धाकट्याकडे.

कारण होतं फेस. तोटी जोरात सोडली की मापात फेस चढतो. मी फेसासकट माप ओतायचो. धाकटा मात्र फेस बसेपर्यंत थांबायचा, वर पुन्हा भरायचा, आणि नरसाळ्यातला शेवटचा थेंब पडेपर्यंत हात हलवायचा नाही. गल्लीने त्याला 'थेंबभाऊ' नाव ठेवलं. मला 'फेसवाले'.

एकदा शिंपीणबाईंना मी अडवलंच. "वहिनी, रॉकेल एकाच टाकीतलं आहे."

"रॉकेल एक असेल हो," त्या म्हणाल्या, "पण हात दोन आहेत ना!"

बायका हसल्या. माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि ते दुखणं औषधाने जाणारं नव्हतं. आई तर रोज सांगायची, "तुझ्या वडिलांचा हात धाकट्यात उतरलाय." मग माझ्यात काय उतरलं होतं? गाडी ओढायची पाठ?

एका पहाटे धाकटा आत चहा पीत होता. मी त्याच्या ड्रमचं झाकण काढलं आणि लहान बादलीभर पाणी आत ओतलं. हिशोब सोपा होता. संध्याकाळी खालच्या गल्लीतल्या वाती तडतडतील, दिवे विझतील, आणि थेंबभाऊंच्या नावाने शिमगा होईल.

दिवसभर मी हवेत होतो. संध्याकाळी मुद्दाम खालच्या गल्लीतून गेलो. खिडकीखिडकीत दिवा. शिंपीणबाईंचं शिवणाचं दुकान याच गल्लीत; तिथल्या मशीनवरचा कंदील तर लख्ख. मला काही कळेना.

गल्लीच्या टोकाला आईची खोली. तेवढीच अंधारी.

आत गेलो. आई दोन गोधड्या गुंडाळून बसली होती. शेगडी गार, दिवा गार.

"आई, हे काय?"

"वात पाणी प्यायली."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाणी जड, ते तळाशी बसतं, तोटीही तळाशी. आणि धाकट्याचा रोजचा पहिला डबा आईचा असे. तिला माप नसायचं. "आईला माप कसलं?" म्हणत तो तिचा डबा सरळ तोटीखाली धरायचा, काठोकाठ. माझं सगळं पाणी तिच्या डब्यात गेलं होतं. गल्लीला शुद्ध रॉकेल मिळालं. रॉकेलच्या वासात लहानाचा मोठा झालो आणि मला एवढं सुचू नये!

तरी मी म्हणालो, "धाकट्याने पाणी दिलं तुला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "थोरल्या, ज्याच्या मापात फेस टिकत नाही, त्याच्या ड्रममध्ये पाणी कुठून येईल?"

मी खाली पाहिलं. तेवढ्यात धाकटा आला. डबा हुंगला, हलवला आणि कपाळावर हात मारून घेतला. "काल रात्री ड्रम धुतला होता. नीट निथळला नसणार. आई, माझीच चूक गं."

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आता बोलेल, आता बोलेल म्हणून ती थांबली होती.

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो.

आईने तोंड फिरवलं. मी माझ्या घरून रॉकेल आणून शेगडी पेटवली. तिने हात शेकायला पुढे केले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून धाकटा काचेची बाटली घेऊन निघू लागला. पहिलं रॉकेल बाटलीत धरायचं, उजेडात बघायचं, तळाशी पाणी नाही याची खात्री करायची, मगच आईचा डबा. गल्लीने बाटली पाहिली आणि उरलीसुरली गिऱ्हाइकंही त्याच्याकडे गेली. "काय काळजी घेतो हो!" माझ्या पापाचंही पुण्य त्यालाच! शेवटी मलाही बाटली घ्यावी लागली. शिंपीणबाई म्हणाल्या, "चला, फेसवाले शिकले एकदाचे."

वीस वर्षं, रॉकेलचा धंदा बसेपर्यंत, मी त्याला रोज सकाळी ती बाटली उजेडात धरताना पाहिलं. खरं मी सांगितलं नाही. आईनेही नाही.

आई त्या थंडीनंतर सात वर्षांनी, जानेवारीत गेली. धाकटा गेल्या वर्षी सहा ऑगस्टला सकाळी गेला.