हिरव्या रेघा

शिंपला कापायचा म्हणजे घाई कामाची नाही. तिनं तो राळेत बसवला, हिऱ्याच्या पात्यानं अलगद उभा चिरला, कापलेली कड काचेसारखी होईपर्यंत घासली. हे सगळं बाबांनी शिकवलेलं. प्रयोगशाळेत त्यांना शिंपलेबुवा म्हणायचे. जुन्या शिंपल्यांवरच्या रेघांवरून शेकडो वर्षांपूर्वीचं समुद्राचं पाणी किती गार, किती ऊबदार होतं हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांचं म्हणणं एवढंच, की या खाडीतला शिंपला थंडीत वाढायचा थांबतो आणि वर्षाला एकच काळी रेघ पडते. ते खोटं ठरलं तर सगळी गणितं कोसळणार होती.

म्हणून दोन वर्षांपूर्वी, थंडी सुरू होताना, त्यांनी जिवंत शिंपले दिवसभर रंगाच्या पाण्यात ठेवले आणि पिंजऱ्यात घालून खाडीत सोडले. रंग कवचात मुरतो आणि निळ्या दिव्याखाली ती तारीख हिरवी चमकते. दर थंडीला पिंजरा वर काढून शिंपले पुन्हा रंगवायचे, असं ठरलं होतं. पण पुढचा उन्हाळा बाबांनी पाहिलाच नाही. पिंजरा तळाशीच राहिला. आज तो वर आला होता.

तिनं निळा दिवा लावला. हिरवी रेघ. मग काळी. मग पुन्हा हिरवी. मग काळी. आणि अगदी काठावर, जणू परवाच पडलेली, तिसरी हिरवी.

तिनं दुसरा शिंपला कापला, मग तिसरा. सगळ्यांत तेच.

कपाटातली रंगाची बाटली कोरडीठाक होती. नवी कुणी मागवलीच नव्हती.

होडीवाले काका बाहेर पायऱ्यांवर बसले होते. तिनं विचारलं, "काका, मधे कधी पिंजरा वर काढला होतात?"

"मी कशाला काढू? आणि काढला असता तर दाराची गाठ सुटली नसती का? तुझ्या बाबाची गाठ म्हणजे डोक्याला ताप. त्यावर शंख-शेवाळ चढलेलं. आज सुरीनं कापावी लागली."

बाबांच्या जागी आलेले सर मायक्रोस्कोपवरून बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा चष्मा पुसत राहिले.

"दोन हिरव्यांच्या मधे बरोबर एक काळी," ते म्हणाले. "याहून चोख पुरावा कुठला? तुझ्या बाबांचं म्हणणं खरं ठरलं की."

"पण रंगवलं कुणी, सर?"

"तू. तू रंगवलंस असं लिहू. कोण विचारायला येतंय?"

"मी या दोन वर्षांत पाण्याजवळ फिरकलेसुद्धा नाही."

"ते तुला आणि मला माहीत. अगं, त्यांची तीस वर्षं आहेत यात. एका नावासाठी वाया घालवणार?"

तिला ती तीस वर्षं दिसली: वाकलेली मान, थंड झालेला चहा, जेवायला हाक मारली की "आलोच". एक रेघ चुकली तर आठवडाभर न बोलणारा माणूस.

"खोटं नाव घातलं तर त्यांना चालणार नाही," ती म्हणाली. 'चाललं नसतं' म्हणायचं होतं. सरांनी मान वर केली, पण दुरुस्त कुणीच केलं नाही. "शोधनिबंध थांबवा. उरलेले शिंपले मी परत सोडते. पुढच्या थंडीला बघू."

दुपारी पाणी सपाट होतं. काकांनी पिंजरा सोडला, दोर हातातून सरकू लागला. निम्माही गेला नसेल, तोच सैल पडला.

"तळ लागला?" तिनं विचारलं.

"इतक्यात? अजून निम्मं पाणी आहे खाली." काकांनी होडीच्या काठावरून वाकून पाहिलं आणि दोर तिच्या हातात दिला, निखारा द्यावा तसा.

क्षणभर काहीच नाही. मग दोर पुन्हा खाली जाऊ लागला. वजनानं बुडणाऱ्या वस्तूसारखा नाही. थोडा, मग थांबून पुन्हा थोडा, कुणीतरी जपून हातामागून हात टाकत ओढावा तसा.

काका म्हणाले, "पोरी, सोड तो."

"सोडते," ती म्हणाली, आणि जेवढा मागितला जाईल तेवढा दोर देत राहिली.