गाडीत राहिलेली रेकॉर्ड

“पाणी एका बाजूला का साचतंय?” लूर्दनं विचारलं.

ती नुकतीच हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून आली होती. पायातले पांढरे बूटही काढले नव्हते. तिचा नवरा रेमंड तुस्कानो सिंकपाशी पाठमोरा उभा होता आणि हातातली छोटी रेकॉर्ड त्यानं आडवी धरली होती. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बेबी शाम्पूचा थेंब, मखमलीचा तुकडा, रेघांच्या दिशेनं गोल पुसायचं, लेबल भिजू द्यायचं नाही, बोटं फक्त कडेला. हा सोहळा ती लग्न झाल्यापासून बघत आली होती. आखातातल्या दोहा शहराची बारीक धूळ खिडक्या लावल्या तरी घरात शिरते, त्यामुळे इथं आल्यावर तो वाढलाच होता. पण आज रेमंड नुसता पुसत होता, पुसतच होता आणि वळून बघत नव्हता.

“बोटांचे डाग होते. तेलकट. निघाले आता,” तो म्हणाला.

“मी पाण्याचं विचारलं.”

तिनं रेकॉर्ड त्याच्या हातातून काढून घेतली आणि डोळ्यांसमोर धरली. वाळत घातलेल्या पापडासारखी तिची एक कड वर उचलली गेली होती. मग तिनं लेबल वाचलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तिच्या आईची रेकॉर्ड होती. वसईला गावच्या चर्चचं छप्पर बदलायचं निघालं, तेव्हा रेकॉर्डी विकून पैसे उभे करायला फादरनी गावातल्या बायकांना मुंबईला नेऊन त्यांची लग्नातली गाणी रेकॉर्ड केली होती. पुढचा आवाज आईचा, मागून बाकीच्या बायका. बाकीच्यांच्या घरातल्या रेकॉर्डी कधीच घासून, फुटून संपल्या. ही एक टिकली, ती रेमंडच्या हातामुळे, हे लूर्दलाही मान्य होतं. आई वारली तेव्हा हॉस्पिटलनं रजा दिली नव्हती. परक्या पेशंटांची अंगं पुसत तिनं तो दिवस काढला होता. कॅसेट करून ठेवू, असं दोघं कित्येकदा म्हणाले आणि ते राहूनच गेलं. आता आई म्हणजे एवढंच होतं, एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक.

“कुणाला दिली होतीस?”

“आबासाहेबांना.”

आबासाहेब मोहिते रेमंडच्या कंपनीचे मॅनेजर होते आणि इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्षही. दुबईहून त्यांनी भारी रेकॉर्ड प्लेअर आणला होता. वाजवायला घरात एकही रेकॉर्ड नव्हती, ती गोष्ट वेगळी.

“मंडळाच्या प्रोग्रामला काहीतरी वसईचं हवं म्हणाले,” रेमंड हळू आवाजात सांगू लागला. “मी सगळं नीट सांगितलं होतं. कडेला धरा, लावायच्या आधी पुसा, कव्हरमध्ये उभी ठेवा. त्यांच्या ड्रायव्हरनं मागच्या सीटवर ठेवली. तिथंच राहिली दोनतीन दिवस.”

“जुलैमध्ये? जिथं दुपारी स्टिअरिंगला हात लावता येत नाही, त्या गाडीत?”

“गाडीचं सांगायचं राहिलं. आणि साहेबांना किती शिकवणार, लूर्द?”

“मला विचारलंस देताना?”

रेमंड मखमलीचा तुकडा पिळू लागला.

“परत देताना काय म्हणाले तुझे साहेब?”

“वाजते की अजून, म्हणाले. थोडी डोलते, एवढंच.”

“आणि तू काय म्हणालास?”

“थँक्यू म्हटलं.”

लूर्दला त्या क्षणी आबासाहेबांपेक्षा या माणसाचा संताप आला. रेकॉर्डवर कुणाचं बोट पडलं तर याचा जेवणातला घास अडतो, आणि साहेबांनी मागितली म्हणून बायकोची आई उचलून देतो! वर थँक्यू! ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिनं रेकॉर्ड लावली. सुई चढायची, उतरायची. आईचा आवाज ओळखू येत होता, हेच वाईट होतं. तो मध्येच खाली घसरायचा, जड व्हायचा, आजारी माणसाच्या बोलण्यासारखा. मग सुई उडायची. पहिल्या कडव्यातच लूर्दनं ती उचलली.

“दोन काचांमध्ये दाबून गच्चीवर ठेवतो,” दारातून रेमंड म्हणाला. “उन्हानं नरम होते, सरळ होईल.”

“उन्हानं वाकडी केली, आता ऊनच सरळ करणार? आणि रेघा गेल्या म्हणजे?”

तिनं रेकॉर्ड मशीनवरून उचलली.

“गाडी काढ. त्यांच्या घरी जायचंय.”

“लूर्द, ऐक. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअलला त्यांच्या टेबलावर आहे. त्यांनी सही केली नाही तर खलास. व्हिसासकट.”

“मग मी टॅक्सी करते.”

त्यानं किल्ली घेतली. अल मन्सूरातल्या घरापासून मदिनत खलीफातल्या साहेबांच्या व्हिलापर्यंत त्यानं गाडी सावकाश चालवली. रेकॉर्ड लूर्दच्या मांडीवर होती आणि एसीचं तोंड तिनं त्या रेकॉर्डकडे वळवलं होतं.

गुरुवारची संध्याकाळ होती, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. व्हिलाच्या हॉलमध्ये मंडळाची चारपाच माणसं सोफ्यांवर पसरली होती आणि आबासाहेबांची बायको चहा देत होती.

“अरे तुस्कानो! या वहिनी, या की!” आबासाहेब खुशीत होते. लूर्दच्या हातात रेकॉर्ड दिसली तसे हसले. “ते होय! सॉरी बरं का. आमचा ड्रायव्हर म्हणजे निव्वळ येडा. हिची सीडी मिळाली तर आणून देतो तुम्हाला.”

“हिची सीडी नाही. यात माझ्या आईचा आवाज आहे. ती वारली.”

“अरेरे.” आबासाहेबांनी मान हलवली. “पण वहिनी, माणसं जातात, तिथं वस्तूचं काय घेऊन बसायचं?”

पेशंटच्या नातेवाइकांच्या शिव्या खाऊनही आवाज न चढवण्याची लूर्दला सवय होती. आताही तिनं तो चढवला नाही.

“वाजते म्हणालात ना? लावते. संपेपर्यंत सगळ्यांनी ऐका.”

कुणी काही म्हणायच्या आत तिनं त्या भारी मशीनवर रेकॉर्ड ठेवली आणि सुई टेकवली. भल्यामोठ्या स्पीकरमधून आईचा आवाज हॉलभर पसरला आणि लगेच घसरला. नवरीला हळद लावायचं ते गाणं होतं. मागच्या बायका सूर धरायच्या आणि त्यांच्यासकट सगळं खाली जायचं. कोपऱ्यातला एकजण फिस्सकन हसला. लूर्दनं त्याच्याकडे पाहिलं, तसा तो बुटांकडे बघू लागला. सुई एका ओळीवर अडकली. लूर्दनं ती पुढे सरकवली आणि मशीनजवळच्या सोफ्यावर बसली. आबासाहेबांची बायको ट्रे धरून तशीच उभी राहिली होती, तिचे डोळे भरले होते.

“बास की आता,” आबासाहेब उठून उभे राहिले. लूर्द जागची हलली नाही. गाणं कसंबसं शेवटाला गेलं आणि नुसती खरखर उरली.

“तुस्कानो,” आबासाहेबांचा आवाज आता ऑफिसातला होता, “बायकोला घरी ने. शनिवारी केबिनमध्ये ये, मग बोलू आपण.”

काय बोलणार ते हॉलमधल्या सगळ्यांनाच कळलं. रेमंड दाराजवळच्या खुर्चीवरून उठला. लूर्दला वाटलं, आता हा माफी मागणार. तिची मागणार नाही, त्यांची मागेल. तो मशीनपाशी गेला. सुई उचलून बाजूला केली. दोन्ही तळव्यांमध्ये कडेनं धरून रेकॉर्ड उचलली.

मग त्यानं ती उलटी केली आणि परत ठेवली.

“अजून एक गाणं आहे, साहेब,” तो म्हणाला. त्यानं सुई अचूक पहिल्या रेघेवर टेकवली.

तो येऊन लूर्दच्या शेजारी बसला. गाणं सुरू झालं. आबासाहेब उभेच होते. कुणीच त्यांच्याकडे बघेना, तेव्हा थोड्या वेळानं तेही खाली बसले.