दाखवण्याचा कार्यक्रम

सोशल वर्कर येणार म्हणून माझ्या बायकोने घर इतकं लख्ख केलं, की मला माझ्याच सोफ्यावर बसायची चोरी झाली.

"अहो, पाय खाली घ्या," राजश्री म्हणाली. "आणि तिच्यासमोर गुडघ्याचं काही काढू नका. माझ्या बीपीचंही नको. एव्हरीथिंग इज फाइन म्हणायचं, बस."

"अगं, हा काय दाखवण्याचा कार्यक्रम आहे? पोहे पण केलेस?"

"केलेत," ती म्हणाली आणि वरून कोथिंबीर घालायला किचनमध्ये गेली.

मी चिडवत होतो खरा, पण धास्ती मलाही होती. प्रश्न सियाचा होता. सिया आमच्या नात्यातली नव्हे. तिची आई कस्तुरी नागपूरहून केअर वर्कर म्हणून इथे कॉव्हेंट्रीत आली, रविवारच्या वंदनेला विहारात भेटली आणि बघता बघता आमच्या घरची झाली. नवरा केव्हाच सोडून गेलेला. तिची ड्यूटी असली की पोर आमच्याकडेच असायची. मग एक दिवस रस्ता ओलांडताना कस्तुरीला गाडीने उडवलं. कंबर मोडली, पाय मोडला, पुन्हा धड चालायला कित्येक महिने लागणार होते. आम्ही तेव्हा नेमके ग्लासगोला मुलाकडे होतो. परत येईपर्यंत कौन्सिलने सियाला जवळच्या रग्बी गावात एका फॉस्टर घरी, म्हणजे परक्या कुटुंबाकडे तात्पुरतं सांभाळायला ठेवलं होतं. तिथली बाई भली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण व्हिडिओ कॉलवर सिया रोज विचारायची, "आजी, मी तुमच्या घरी कधी येणार?" कौन्सिलच्या पॅनेलने आम्हाला पसंत केलं तर, एवढंच त्याचं उत्तर होतं, आणि ते सात वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं?

सोशल वर्कर हॅना आली. तिशीची, साधी पोरगी. तिने पोहे मागून घेऊन खाल्ले. सियासाठी काढलेली खोली पाहिली आणि मग वही घेऊन बसली. राजश्रीची उत्तरं पाठ होती. तब्येत? फाइन. तुमची दोघांची भांडणं? नेव्हर. सियाला सांभाळताना कशाची अडचण येईल? नथिंग.

"आईच्या आठवणीने ती रडायला लागली तर?"

"आमच्याकडे ती रडणारच नाही," राजश्री ठासून म्हणाली.

हॅनाने पेन खाली ठेवलं. "राजश्री, तुमचं घर छान आहे. पण या घरात राहतं कोण, हे मला अजून कळलेलं नाही. पॅनेलला मी काय सांगू?"

बायकोचा चेहरा पडला. तिची तरी काय चूक? स्थळ बघायला आलेल्या माणसांना कोणी सांगतं का, की मुलगी तापट आहे? पाहुण्यांपुढे उणं झाकायचं, हेच आम्ही जन्मभर शिकलो. आणि ही बाई तर उणं बघायलाच आली होती. आता गप्प बसलो तर पोर हातची जाईल, हे मला स्पष्ट दिसलं.

"ती रडेल," मी इंग्रजीत म्हणालो. "हीसुद्धा रडते. रोज. बाथरूमचा नळ सोडून."

राजश्री माझ्यावर उसळली, तीही चक्क मराठीत. "तुम्हाला तोंड उघडायला कोणी सांगितलं होतं? रडते, मग काय करू? तुमच्या गुडघ्याचं हे असं, थंडीत तिला स्कूलला कोण सोडणार? मला चक्कर आली तर तिच्याकडे कोण बघणार? आणि ती इथे रुळली, आणि कस्तुरी बरी होऊन तिला घेऊन गेली, की मी काय करू? या रिकाम्या घरात तुमचं तोंड बघत बसू?" तिने ओढणी तोंडाला लावली.

"काय म्हणाल्या त्या?" हॅनाने हळूच विचारलं.

थोडं गोड करून सांगता आलं असतं. मी जसंच्या तसं सांगितलं, माझ्या तोंडासकट. हॅना हसली, पण लगेच गंभीर झाली. शाळेचं काय करता येईल, हे तिने नीट विचारून घेतलं. विहारातली आमची मैत्रीण रचना तिच्या मुलांबरोबर सियालाही गाडीतून नेईल, असं आम्ही म्हणालो. ते सगळं लिहून झाल्यावर तिने मान वर केली.

"आणि कस्तुरी सियाला न्यायला आली, तर द्याल?"

राजश्रीने डोळे पुसले. "लेकरू तिचं आहे. ती उभी राहीपर्यंत सांभाळायचं, एवढंच आमचं काम."

महिनाभराने हॅनाचा फोन आला. पॅनेलने हो म्हटलं होतं. सिया शुक्रवारी येणार होती. मला वाटलं, बायको आता नाचेल. तिने आधी हॉस्पिटलला फोन लावला.

"जय भीम, बाळा. सिया येतेय आपल्याकडे. हो, अगं, खरंच. आता रडत बसायचं नाही. फिजिओवाली सांगेल तेवढं चालायचं, दुखलं तरी चालायचं. लवकर बरी हो आणि तुझी पोर घेऊन जा."

फोन ठेवून ती तशीच बसून राहिली. शेवटचं वाक्य तिने अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच मला तिच्याकडे बघवेना.