मला उगारलं तेव्हा

मित्रांनो, फादरांच्या कॉलेजात, जिमखान्याच्या कपाटामागे धूळ खात उभी असलेली मी एक जुनी हॉकी स्टिक आहे. लाकूड तुतीचं, अस्सल. सुताराने मला करवतीने कापलं, वाफेत कोंडलं आणि मऊ पडल्यावर साच्यात दाबून माझं टोक वाकवलं. फार दुखलं. पण वाकल्यावरच मी कामाची झाले.

आमचं कॉलेज छोटं. तीन मजले, मागे चॅपल, त्याला लागून मैदान. मुलं-मुली जेमतेम तीनशे, त्यामुळे कुणाला सर्दी झाली तरी दुपारपर्यंत सगळ्यांना कळायचं. खेळाच्या सरांनी मला लंबूच्या हाती दिलं. लंबू तत्त्वज्ञान शिकायचा. उंच, हळवा आणि नाकावर राग असलेला. तीन वर्षं मी त्याच्याबरोबर खेळले. चेंडूचे तडाखे खाल्ले, दुसऱ्या स्टिकांशी खणाखण भिडले. एकदा मला चीर गेली, तेव्हा होस्टेलमधल्या त्याच्या खोलीतल्या मित्राने ती गोंद लावून दोऱ्याने घट्ट बांधली. त्या मित्राला सगळे कवी म्हणायचे.

शेवटच्या वर्षी लंबू विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडणुकीला उभा राहिला. भाषणांच्या दिवशी हॉल खचाखच भरला होता. कवी उठला आणि त्याने चक्क दुसऱ्या उमेदवाराची बाजू घेतली.

"लंबू माझा जिवाभावाचा मित्र आहे," तो म्हणाला, "पण मॅच हरला की खोलीचं दार लाथाडतो. आपण गाऱ्हाणं घेऊन गेलो, तर दाराऐवजी आपण!"

सगळा हॉल हसला. इंग्रजी शिकवणाऱ्या सिस्टरनाही हसू आवरलं नाही. लंबूचे कान लाल झाले. हे सगळं त्याने मैदानावर खेळाच्या सरांना दातओठ खात सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी लंबूची पोस्टरं फाडली. व्हरांड्यात आधी शिव्या, मग धक्काबुक्की, मग खुर्च्या. नोटीस बोर्डाची काच फुटली. एकाचं डोकं खांबावर आपटलं, एकीच्या तळव्यात काच घुसली. लंबू धावत जिमखान्यात आला आणि त्याने मला ओढून घेतलं. मला वाटलं, सराव असेल.

व्हरांड्यात येताच त्याने मला उगारलं. समोरचे पांगले. तेवढ्यात गर्दीतून कवी हात पसरून पुढे आला.

"लंबू, बस कर! अरे, मी आहे!"

मित्रांनो, लाकडाला हाताची पकड कळते. लंबूची पकड क्षणभर सैल झाली. मग ती आधीपेक्षा घट्ट झाली. मी कवीच्या चेहऱ्यावर बसले. हाड मोडतानाचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. तो खाली कोसळला, तरी दुसरा फटका पडला. तेव्हा कुठे खेळाच्या सरांनी लंबूला मागून आवळून धरलं.

कवीचा उजवा डोळा गेला.

"गर्दीत समोर कोण आहे ते दिसलंच नाही, फादर," लंबू रडत सांगत राहिला. त्याच्या बाजूच्या मुलांनी पोलिसांना तेच सांगितलं. कॉलेजातून त्याचं नाव काढलं, पण बाकी प्रकरण अपघात म्हणून मिटत आलं. खरं काय ते मला माहीत होतं, पण मला कोण विचारणार?

दोन महिन्यांनी कवी परत आला. माफी मागायला म्हणून फादरांनी लंबूला जिमखान्यात बोलावलं. दोघे बाकावर बसले.

"मला खरंच दिसलं नाही रे..." लंबूने सुरुवात केली.

"मी हाक मारली होती. ऐकलीस?"

लंबू म्हणाला, "ऐकली. ओळखलं तुला. ओळखलं म्हणूनच मारलं."

कवी उठला. "हे पोलिसांना सांग. मग माझ्याशी बोल."

लंबू त्याच दिवशी फादरांबरोबर चौकीत गेला. कोर्टात मला टेबलावर ठेवलं, तेव्हा त्याने माझ्याकडे बोट दाखवून सगळं कबूल केलं. त्याला शिक्षा झाली. दोघे पुन्हा बोलले की नाही, मला कळलं नाही. मी इथे परतले. सरांना मला टाकवत नाही आणि खेळायला कुणाच्या हाती देववतही नाही.

मित्रांनो, मला तेल लावा, पुसा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागते. रागाने हात माझ्यासारख्या कशावर आवळला आणि समोरून कुणी हाक मारली, तर मूठ उघडा. मला खाली पडू द्या. पडून मला काही होत नाही.