शिवणीवरचा काळा डाग

क्लबाच्या काचेच्या कपाटात धूळ खात पडलेला मी एक जुना चेंडू आहे, मित्रांनो. रंग उडाला, शिवण उसवली. तरी एके काळी वेल्समधल्या एका माणसाचं सगळं नशीब माझ्यावर होतं.

तो इदवाल प्रॉसर, कोळशाच्या खाणीतला मजूर. कौंटीच्या संघाने त्याला एका उन्हाळ्यापुरतं गोलंदाज म्हणून घेतलं होतं. चांगला खेळला तर कायमचा करार, नाहीतर पुन्हा खाण. खांदा भक्कम होता, पण छातीत कोळसा जाऊन बसला होता. चेंडूला चकाकी आणायला तो थुंकी लावी, ती काळी निघे. पाटलोणीवर घासलं तरी शिवणीत उरे. यष्टीरक्षक गेथिन त्याच्याच गल्लीतला. चेंडू हातात आला की तो आधी पुसून काढी.

“मर्दा, गिळत जा की!”

“पुसतोयस ना? मग पुस, बोलू नकोस.”

शेवटच्या सामन्यातला चेंडू मी. इदवालने माझ्यावर एका डावात सात गडी बाद केले. सातवा झेल स्लिपमध्ये खुद्द कर्णधाराने घेतला. मैदान टाळ्यांनी दणाणलं. कर्णधार मात्र आपल्या काळ्या, ओल्या बोटांकडे बघत राहिला.

“हे काय रे?”

“खाणीतली धूळ, साहेब.”

“उन्हाळाभर तू खाणीत गेलाच नाहीस.”

इदवालने मला त्याच्या हातातून घेऊन पाटलोणीवर घासलं. मला चांदीची पट्टी ठोकून त्याला भेट दिलं, पण छातीचा रोग कळल्यावर करार काही मिळाला नाही. पोटाची खळगी भरायची होती, म्हणून तो पुन्हा खाणीत उतरला. मला फार वाईट वाटलं.

त्याने मला घरी फळीवर ठेवलं. सुरुवातीला शेजारीपाजारी मला बघायला येत. मग तेही थांबले. काही वर्षांत इदवालला जिना चढवेना, तेव्हा बायकोने, ब्लॉडवेनने, त्याची खाट खाली माझ्या फळीजवळ आणली. गेथिन रोज यायचा. एकदा सवयीने तो मला बाहीला पुसू लागला.

“राहू दे. आता कुणापासून लपवतोस?”

गेथिनने मला फळीवर ठेवलं. “तेव्हाच पुसलं नसतं, डॉक्टरकडे ओढत नेलं असतं, तर...”

“तर सात गडी काय तुझ्या बापाने काढले असते, गाढवा?” इदवाल हसला. हसण्याचा खोकला झाला आणि तो खोकला थांबेना. त्याच आठवड्यात तो गेला. मग ब्लॉडवेनने मला क्लबाला देऊन टाकलं.

मित्रांनो, मला चमकवू नका. पण आपल्या माणसाच्या रुमालावर असा डाग दिसला, तर तो गुपचूप धुऊन टाकू नका. त्याला विचारा. त्या दिवशी मैदानावर आम्ही सगळे टाळ्या ऐकत होतो; त्याची छाती कुणी ऐकली नाही.