बाल्कनीतली बाई

मंदीने आखातात एक मोठं नुकसान केलं, ते म्हणजे लोकांना लिहितं केलं, असं निनाद मिराशी सगळ्यांना सांगत सुटायचा. पगार कापले गेले, शुक्रवारच्या सुट्टीतला मॉल परवडेना, मग माणसाने करायचं काय? आत्मचरित्र लिहायचं. पदरच्या पैशाने छापायचं, तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात रिबीन सोडून प्रकाशित करायचं आणि सुट्टीत गावी गेलं की नातेवाइकांच्या गळ्यात मारायचं. असल्या पुस्तकांची मुखपृष्ठं करायची पाळी कुणावर आली? तर निनादवर.

हाच निनाद दोन हजार आठपर्यंत दुबई मरीनातल्या एका बड्या जाहिरात एजन्सीत आर्ट डायरेक्टर होता. न बांधलेल्या टॉवरची अशी ब्रोशर काढायचा, की बघणाऱ्याने उद्याच पडद्यांचं माप घ्यायला निघावं. मग बाजार कोसळला, एजन्सी खलास झाली आणि साहेब शारजातल्या एका साइनबोर्डच्या दुकानाच्या व्हिसावर आले. जमिनीवर मात्र काही आले नाहीत.

येणाऱ्या प्रत्येक लेखकाची तो घरी बायकोसमोर नक्कल करायचा. एकाला सफारीतला स्वतःचा फोटो हवा, मागे उंट. एका कवयित्रीला समई, गुलाब आणि विमान, तिन्ही एकाच चित्रात. "यांना पुस्तक नकोच आहे गं, लग्नाची पत्रिका हवीय," तो मैथिलीला म्हणायचा. पुस्तक तो कधीच वाचत नसे. नाव काय, जाडी किती आणि लेखकाचं थोबाड केवढं टाकायचं, एवढं कळलं की त्याचं भागायचं.

दोन हजार अकरात साइनबोर्डवाल्याने दुकान गुंडाळायचं ठरवलं. दुकान गेलं की व्हिसा गेला, व्हिसा गेला की मुलीची शाळा, घर, सगळं आवरून पुण्याला भावाच्या दारात. भावासमोर मान खाली घालायची, या कल्पनेनेच निनाद भरल्या ताटावरून उठायचा. नेमके तेव्हाच सूर्यकांत धामणकर आले.

धामणकर अबुधाबीच्या एका तेल कंपनीत एचआरमध्ये वरच्या खुर्चीवर होते. पुस्तकाचं नाव 'आखाताने मला काय दिलं'. नाव ऐकूनच निनादला जांभई आली, पण त्याने ती गिळली, कारण त्यांच्या कंपनीला कर्मचाऱ्यांसाठीच्या मासिकाला डिझायनर हवा होता, फॅमिली व्हिसासकट. "सीव्ही द्या. प्रकाशन होऊ दे, मग मी स्वतः बोलतो, इन्शाल्ला," धामणकर म्हणाले आणि सीव्हीची घडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

पुढे त्यांनी निनादला पार पिळून काढलं. आधी निळा रंग हवा होता, मग निळा थंड वाटायला लागला. फोटो आला, गेला, परत चष्म्यासह आला. निनाद तोंडावर "हो सर" म्हणायचा आणि फोन ठेवला की त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. शेवटी धामणकरांच्या पत्नी विभावरीताईंनीच नवऱ्याला दटावलं. "अहो, त्यांचं काम त्यांना करू द्या की." धामणकरांनी हात वर केले. "यल्ला, चला, तुम्हाला हवं ते करा. मी आता सगळ्यांबरोबर मंडळातच बघेन."

निनादने नवीन काही करायचे कष्टच घेतले नाहीत. जुन्या डिस्कवरून त्याने मरीनाजवळच्या एका टॉवरचं ब्रोशर उघडलं. हा टॉवर कधी उभाच राहिला नव्हता, पायाच्या खड्ड्यात पाणी साचून होतं. त्यातली समुद्रावरची बाल्कनी त्याने कापून घेतली. बाल्कनीत पांढऱ्या कुर्त्यातली एक बाई चहाचा कप धरून हसत उभी होती. ती मैथिलीच. शूटिंगच्या दिवशी मॉडेलने दगा दिला, तेव्हा निनादने बायकोलाच उभं केलं होतं.

"अरे, हा तर माझा फोटो," मैथिली म्हणाली. "पुस्तकाशी याचा संबंध काय?"

"संबंध बघतंय कोण? न बांधलेली इमारत आणि न वाचलं जाणारं पुस्तक. जोडा शोभतो की नाही?"

त्यांची मुलगी वैभवी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, ॲटलीस्ट आस्क हिम." बाबांनी ते कानाआड केलं.

प्रकाशनाला हॉल भरला होता. प्रमुख पाहुण्यांनी रिबीन सोडली, चमकीचा कागद काढला आणि पद्धतीप्रमाणे व्यासपीठावरच्या सगळ्यांनी पुस्तकं छातीशी धरून फोटो काढून घेतला. खाली कुजबुज सुरू झाली. धामणकर पुस्तकाकडे बघतच राहिले. मग ते माइकशी आले.

"हा आमचा टॉवर," ते म्हणाले. "इथे बसलेल्या बऱ्याच जणांचा. फुजैऱ्याच्या पहिल्या नोकरीपासून साठवलेलं सगळं आम्ही त्या खड्ड्यात घातलं. सातव्या प्रकरणात लिहिलंय. निनादना मी तोंडाने एक अक्षर सांगितलं नव्हतं. त्यांनी पुस्तक वाचलं आणि नेमकं काढलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. निनाद आधी दचकला, मग त्याला गुदगुल्या झाल्या. बिनडोक लोक, कशालाही टाळ्या वाजवतात. त्याने उठून नम्रपणे नमस्कार केला. नोकरी खिशात पडली होती.

चहाच्या टेबलाशी विभावरीताई आल्या. हातात पुस्तक होतं. चष्मा लावून त्यांनी आधी मुखपृष्ठ पाहिलं, मग निनादशेजारी वडा खात उभ्या असलेल्या मैथिलीला.

"ही तुम्हीच ना?"

मैथिली हसली. चित्रातली बाई हसत होती, अगदी तशीच. "हो. फोटो ह्याने काढला, ब्रोशरसाठी."

"दोन वर्षं तुम्ही माझ्या फ्रिजवर होतात," विभावरीताई म्हणाल्या. "रोज सकाळी चहा टाकताना बघायचे. हे म्हणायचे मॉडेल आहे. मी म्हणायचे, नाही हो, घरातली बाई दिसतेय. अशी शेजारीण मिळाली तर बरं होईल. तुमच्याकडे बघून बुकिंग केलं आम्ही. ह्यांनी तेही लिहिलंय."

मैथिलीचा वडा हातातच राहिला. धामणकर मागे येऊन उभे होते.

"ब्रोशर तुमचं होतं?"

"एजन्सीचं होतं, सर."

"आणि सातवं प्रकरण वाचलंत?"

निनाद मुखपृष्ठाच्या छपाईबद्दल बोलायला लागला.

"काम तुमचं उत्तमच आहे," धामणकर शांतपणे म्हणाले. "आम्ही काही उगाच नाही फसलो." त्यांनी कोटातून सीव्ही काढला, घडी न उलगडता निनादच्या हातात ठेवला आणि पाहुण्यांकडे गेले. विभावरीताईंनी पुस्तक मैथिलीला दिलं. "ठेवा. बाल्कनी तुम्हाला तरी मिळाली."

शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी जागची हलत नव्हती. निनादने दातओठ खात सुरुवात केली. काय समजतो स्वतःला, चार पानं खरडली म्हणून. मैथिलीने पुस्तक उघडलं, सातवं प्रकरण काढलं आणि मोठ्याने वाचायला लागली. वैभवी मागच्या सीटवरून पुढे झुकून ऐकत होती.

दोन पानं झाली. तीन झाली.

"बास कर ना," निनाद म्हणाला.

"थांब," मैथिली पान उलटत म्हणाली. "अजून मी यायची आहे."