माझ्या पोटातली हळद

मी रेडिएटर बोलतोय, पाथर्डीच्या उत्तमरावांच्या जीपचा. सध्या कोंडीराम मिस्त्रीच्या गॅरेजमागे बाभळीला टेकून पडलोय. येणारा-जाणारा बोट दाखवून म्हणतो, हा तो कुजका. अहो, कुजका नव्हतो मी! म्हणून तर तोंड उघडलंय.

अंग माझं तांब्या-पितळेचं. काम एकच. इंजिनाचं उकळतं पाणी बारीक नळ्यांतून खेळवायचं, वाऱ्यावर निववायचं आणि परत धाडायचं. माणसांचं लक्ष हॉर्नकडे, चाकांकडे. बॉनेटखाली कोण होरपळतंय, हे बघायला कुणाला सवड आहे?

एक बन्सी बघायचा, उत्तमरावांचा ड्रायव्हर. रोज सकाळी इंजिन गार असताना झाकण उघडून लुगड्याच्या फडक्यातून गाळलेलं पाणी घालायचा. जाळीत अडकलेले टोळ अलगद काढायचा. दोन महिन्यांनी जुनं पाणी सोडून पोट धुवायचा. त्याची बायको कडूबाई म्हणायची, "माझ्यापरीस त्या रेडिएटरचेच लाड जास्त." मी आपला फुगून जायचो.

बहात्तर साल आलं आणि पाऊस दडी मारून बसला. घोडेगावच्या बाजारात जनावरं मातीमोल झाली. बन्सीच्या मेव्हण्याला बैल बघायचे होते, म्हणून बन्सीने मालकांना न विचारता जीप काढली. वाटेत दुष्काळी कामाची नवी खडी पसरलेली. घाईघाईत हा पुढच्या ट्रकच्या अगदी बुडाशी लागला. ट्रकच्या चाकाखालचा दगड उडाला तो थेट माझ्या छातीत. एक नळी फुटली, पाणी ठिबकायला लागलं.

कोंडीराम म्हणाला, दोन दिवस गाडी ठेव, डाग देऊन नळी सांधतो. पण गाडी ठेवली की मालक विचारणार, दगड कुठं लागला? बन्सीची पाचावर धारण बसली. घरी गेला आणि कडूबाईच्या डब्यातली मूठभर हळद आणून माझ्या पोटात घातली. बोट कापलं की हळद दाबायची, तसं ड्रायव्हर लोक गळक्या रेडिएटरला करतात. घर गाठण्यापुरतं चालतं ते. हळद भोकात बसली, गळती थांबली. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

"आठ दिसांत डाग दिऊन घिऊ तुला," तो माझ्यावर हात ठेवून म्हणाला.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. गळायला लागलो की पुन्हा मूठभर हळद. विहिरी आटल्या, पोट धुणं बंद झालं, मिळेल ते मचूळ पाणी. धड होत्या त्या नळ्याही चिखलाने बुजल्या. तापाचा काटा वर चढू लागला, तर बन्सीने त्या काट्यावर मोहट्याच्या देवीचा फोटो चिकटवला. मालक बसताना नमस्कार करायचे. मी आत जळत होतो आणि तरी तग धरून होतो, कारण बन्सीची नोकरी माझ्यावर होती.

चैत्रात नगरहून येताना करंजीच्या घाटात, भर उन्हात, माझ्यातून पाणी सरकेचना. वाफेचा लोट उठला आणि इंजिन जाम झालं. उत्तमराव उतरले, काय झालं म्हणाले. बन्सीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"रेडिएटर कुजका हाय, मालक. आदीपासनंच कुजका हुता."

गॅरेजात कोंडीरामने मला सोडवून आत बोट घातलं. पिवळंधमक निघालं. त्याला सगळं उमगलं. मालकांच्या पाठीमागे बन्सी हात जोडून उभा होता. कोंडीरामने बोट पँटीला पुसलं आणि म्हणाला, "व्हय, कुजलाच हाय."

मालकांनी बन्सीची समजूत काढली. इंजिन दुरुस्त झालं, नवा रेडिएटर बसला. बन्सी त्याला रोज पाणी गाळून घालतो म्हणे. हळद घातल्याचा राग नाही मला, भ्याला बिचारा. पण तीन महिने मी त्याचं झाकलं आणि त्याला माझ्यासाठी एक वाक्य खरं बोलता आलं नाही, हे जिव्हारी लागलंय.

उद्या भंगारवाला येईल. तांबं वितळलं की संपलंच. तुमच्यापैकी कुणी उत्तमरावांच्या ओळखीचं असेल, तर त्यांना आजच इकडे आणा आणि माझी एक नळी चिरून दाखवा.

नको, थांबा. नळी चिरली तर बन्सीची नोकरी जाईल. ह्या दुष्काळात त्याला दारात कोण उभं करणार? राहू द्या. मला कुजकाच जाऊ द्या.